मला जरा वाचू दे

आठ मार्च २०१४ चा दिवस. आमच्या तालुक्याच्या गावात मंगल कार्यालयात बचत गटांच्या बायकांचा मेळावा होता. दीडशेएक बायका तरी असतील. स्टेजवर टेबल, टेबलावर पाण्याच्या बाटल्या, मागे महिला दिनाचा मोठा फलक आणि माझ्यासमोर माइक. विषय आयोजकांनीच दिला होता, ‘स्त्री आणि आत्मविश्वास’. मी दोन दिवस बसून भाषण लिहून काढलं होतं. जिजाऊ झाल्या, सावित्रीबाई झाल्या, कल्पना चावला झाली. ‘आत्मविश्वास असेल तर बाई आभाळालाही हात लावू शकते’ या वाक्याला टाळ्याही चांगल्या पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर चहा-पोहे चालले होते. आमच्या मंडईत भाजी विकणाऱ्या एक मावशी हातात बशी घेऊन माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, “ताई, लई छान बोललासा. पन एक इचारू का? ह्यो आत्मविश्वास म्हंजी नेमकं काय वो? आन् त्यो आनायचा कुठनं?”

मी म्हटलं, “मावशी, आत्मविश्वास म्हणजे आपला आपल्यावर विश्वास.”

“त्यो हाय की मग. पहाटं तीनला उठून एकटी मार्केटला जाते. दलालासंगट भांडून माल घेते. पन बँकेत गेलं की माझी जीभच उचलत न्हाई बघा. तितं काय हुतंय?”

मला उत्तर सुचलं नाही. ‘हळूहळू होईल सवय’ असं काहीतरी पुटपुटले आणि दुसऱ्या कुणीतरी हाक मारली म्हणून सुटले. खरं सांगते मैत्रिणींनो, त्या मावशींच्या प्रश्नाइतका नेमका प्रश्न मला त्याआधी कुणी विचारला नव्हता.

आत्मविश्वास हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झालाय. बसस्टँडसमोरच्या विजेच्या खांबावर पाटी असते, ‘स्पोकन इंग्लिश व व्यक्तिमत्त्व विकास, दोन महिन्यांत आत्मविश्वासाची हमी’. टीव्हीवरच्या जाहिरातीत वर्षानुवर्षं एकच गोष्ट दाखवली. सावळी मुलगी खाली मान घालून बसलेली, मग क्रीम लावते, गोरी होते आणि लगेच तिला नोकरी मिळते. त्या क्रीमच्या नावातला गोरेपणाचा शब्द कंपनीने २०२० मध्ये काढून टाकला, पण तोवर आपल्या दोन पिढ्या आरशात बघून हिरमुसल्या होत्या त्याचं काय? मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात ‘मुलगी कॉन्फिडंट आहे’ असं म्हणतात, तेव्हा ती ट्रे घेऊन येताना अडखळली नाही एवढाच त्याचा अर्थ असतो. पुढे तीच मुलगी हुंड्याबद्दल एक शब्द बोलली, तर ‘जरा आगाऊच वाटते’!

म्हणजे आत्मविश्वास हवा, पण दिसण्यापुरता. मोठ्याने बोलणं, इंग्रजीचे चार शब्द फेकणं, ताठ चालणं यालाच आपण आत्मविश्वास समजून बसलो. मीही तेच समजत होते. स्टेजवर माझा आवाज थरथरत नाही म्हणून मला वाटायचं, आपल्याकडे आहे बाई भरपूर. तो किती होता, ते त्या भाषणानंतर दोनच महिन्यांनी कळलं.

माझे वडील डिसेंबर २०१३ मध्ये गेले. गावाकडे साडेतीन एकर जमीन, त्यातली निम्मी विहिरीच्या पाण्याखालची, आणि गावातलं जुनं घर. आम्ही दोघंच भावंडं, मी मोठी, भाऊ धाकटा. मे महिन्यात त्याचा फोन आला. “ताई, सातबाऱ्याला वारसांची नावं लागलीत. आता तेवढं हक्कसोडपत्र करून टाकू. सोमवारी ये, सही लागेल तुझी.” मी ‘बरं’ म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आमच्याकडे सगळ्याच बहिणी सही करतात. माझ्या आत्यांनी केली, नणंदांनी केली. घरात विषय काढला, तर हे म्हणाले, “तुझ्या माहेरचा प्रश्न आहे, तू ठरव.” सासूबाई म्हणाल्या, “भावाकडून जमीन घेऊन कुणाचं भलं झालंय? माहेर तुटतं.” माझ्याही मनात काही घ्यायचं नव्हतं. सोमवारी सकाळच्या एसटीने गेले.

तुमच्यापैकी ज्यांनी रजिस्ट्रार ऑफिसचं आवार पाहिलंय त्यांना सांगायला नको. बाहेर लिंबाच्या झाडाखाली दस्त लिहिणाऱ्यांची टेबलं, त्यावर लॅपटॉप, प्रिंटर, शाईचे पॅड. बाकड्यावर रांगेनं बसलेल्या लेकी-सुना, बहुतेकींच्या डोक्यावर पदर. भावजयीच्या पिशवीत माझ्यासाठी आणलेली नवी साडी होती. हक्क सोडला की बहिणीला साडीचोळी करायची, ही पद्धत. आईलाही आणलं होतं. मला वाटलं, तीही वारस आहे, हजर राहावं लागत असेल.

दस्त लिहिणाऱ्याने सात-आठ पानांचा गठ्ठा पुढे सरकवला. जिथे सही करायची तिथे पेन्सिलने फुल्या मारून ठेवल्या होत्या. “ताई, इथं, इथं, आणि या पानावर फोटोशेजारी.” बी.ए. झालेली मी, दीडशे बायकांपुढे भाषण ठोकणारी मी, पेन उचललं आणि पहिल्या पानावर सही करूनही टाकली. वर काय लिहिलंय ते न बघता. दुकानातलं बिल तरी आपण वाचतो!

तेवढ्यात शेजारी बसलेली आई मला म्हणाली, “काय लिवलंय गं ह्यात?”

दस्तवाला म्हणाला, “आजी, नेहमीचंच आहे.” पण आईने त्याला विचारलंच नव्हतं. तिने मला विचारलं होतं. तिची लेक शिकलेली, म्हणून. आणि मला ते माहीत नव्हतं.

मी म्हटलं, “मला जरा वाचू दे.” माझा आवाज इतका बारीक निघाला की कुणाला ऐकूच गेला नाही. परत म्हटलं. या वेळी भावाने वर बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्य होतं. “काय वाचायचंय त्यात, ताई? माझ्यावर विश्वास नाही का तुझा?”

मैत्रिणींनो, या वाक्यापाशी मी कितीतरी वेळा परत परत येऊन थांबले आहे. मी फक्त वाचते म्हटलं होतं. स्वतःच्या डोळ्यांवर विसंबायचं म्हटलं होतं. पण ते ऐकणाऱ्याला वाटलं, माझ्यावर अविश्वास. आपल्या बाबतीत हे नेहमी असंच होतं बघा. नवऱ्याला पगार किती ते विचारलं, तर संशय. सासऱ्यांना घर कुणाच्या नावावर विचारलं, तर डोळा. डॉक्टरला गोळी कशाची विचारली, तर ‘तुम्ही डॉक्टर का मी?’ बाईने स्वतःवर विश्वास ठेवायचा म्हटलं की समोरच्याला ती त्याच्यावरचा विश्वास काढून घेतेय असं वाटतं. म्हणून आपण बहुतेक वेळा गप्प बसतो. ही भीती अडाणीपणाची नसते, नाती दुखावतील याची असते. भाषणात मी हे कधी बोलले नव्हते, कारण मला ते माहीतच नव्हतं.

मी वाचायला लागले. हात थरथरत होते, कागदाचा आवाज येत होता. ‘लिहून देणार’, ‘लिहून घेणार’, ‘विनामोबदला’, ‘स्वखुशीने’, ‘कोणाच्याही दडपणाशिवाय’. शेवटच्या पानावर चक्क लिहिलेलं, की सदर दस्त आम्ही वाचून, समजून घेऊन सही केली आहे! हसू येण्यासारखी वेळ नव्हती, तरी आलं. मग दुसऱ्या पानावर परत गेले तेव्हा दिसलं, ‘लिहून देणार क्रमांक एक’ माझी आई होती. मी क्रमांक दोन. जमिनीतला आणि राहत्या घरातलाही हक्क आम्ही दोघी सोडत होतो.

म्हणजे चाळीस वर्षं ज्या घराच्या चुलीपुढे बसून आईने संसार केला, त्या घराच्या कागदावर तिचं नाव राहणार नव्हतं. आणि तिचा अंगठा घ्यायला शाईचा पॅड उघडून ठेवलेला होता.

मी विचारलं, “आईचं नाव कशाला काढायचं?” भाऊ म्हणाला, “अगं, पुढेमागे परत खर्च नको. एकदाच काम उरकतं. सगळे असंच करतात.” दस्तवाल्यानेही मान डोलावली. माझा भाऊ काही सिनेमातला खलनायक नाही. आईला त्याने कधी दुखवलं नाही, आजही सांभाळतो. त्याच्या मनात खरोखर खर्च वाचवण्यापलीकडे काही नसावं. पण आपल्याकडे बायकांची नावं अशीच पुसली जातात. कुणी फार वाईट वागतं म्हणून नाही, ‘सगळे असंच करतात’ म्हणून.

या सगळ्यात आमचा नंबर पुकारून गेला. काम न होताच परत निघालो. गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही. साडी पिशवीतच राहिली. रात्री घरी येऊन मी खूप रडले. आपण फार मोठी चूक केली, वडील जाऊन सहा महिने झाले नाहीत तोवर भावाला चारचौघांत मान खाली घालायला लावली, असंच वाटत होतं. तेव्हा कुणी मला म्हटलं असतं की आज तू आत्मविश्वास दाखवलास, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. माझे पाय लटपटत होते, घशाला कोरड पडली होती. तो आत्मविश्वास असतो तर मग भाषणात सांगितलेला तो कोण?

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली, म्हणून थोडं शांतपणे बोलता येतं. मला वाटतं, आत्मविश्वास आधी येतो आणि मग आपण काम करतो, हेच मुळात उलटं सांगितलं जातं. पुरणपोळीचं बघा. पहिली पोळी लाटताना कुणाला आत्मविश्वास असतो? पुरण बाहेर येतं, पोळी तव्यावर फाटते, सासूबाई काहीतरी बोलतात. पण दरवर्षी होळी येते आणि दरवर्षी लाटायला लागतात. पाच-सात वर्षांनी आपण नुसता हात लावून सांगतो, कणीक घट्ट झालीय, तेलाचा हात हवा. पन्नास माणसांचं करायला घाबरत नाही. हा विश्वास कुठल्या क्लासात मिळाला? फाटलेल्या पोळ्यांतून मिळाला. आणि स्वयंपाकघरात पोळी फाडायची मुभा आपल्याला होती. पैसे भरायची स्लिप खराब करायची मुभा आपल्याला कधी कुणी दिली? ‘दे इकडे, तुला नाही जमायचं’ म्हणून घरातला सातवीतला मुलगासुद्धा हातातून ओढून घेतो. त्याच्या पहिल्या दहा स्लिपा चुकतात तेव्हा तो शिकत असतो, आपली एक चुकली की आपण अडाणी.

मंडईतल्या मावशींच्या प्रश्नाचं उत्तर मला असं दोन महिन्यांनी सापडलं. त्यांचा आत्मविश्वास मंडईत होता कारण मंडईत त्यांनी वीस वर्षं चुका केल्या होत्या, नुकसान सोसलं होतं, नासका माल ओळखायला शिकल्या होत्या. बँकेत त्यांना चूक करायची संधीच मिळाली नव्हती. बाई एका जागी वाघीण असते आणि दुसऱ्या जागी शेळी, ती काही तिच्या स्वभावामुळे नव्हे.

दुसरी गोष्ट माहितीची. त्या सोमवारनंतर पंधरा दिवसांनी मी तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे गेले. तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना मोफत कायदेशीर सल्ला आणि वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तिथे एका वकीलबाईंनी मला अर्धा तास देऊन समजावलं. वडिलांच्या मागे त्यांच्या हिश्शात आई, मुलगा, मुलगी यांना सारखाच हक्क, हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातच आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलासारखा जन्मापासून हक्क आपल्या महाराष्ट्राने १९९४ मध्येच दिला होता, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यात नव्हत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर लागू झालेल्या दुरुस्तीत ती लग्नाची अट राहिली नाही. पुढे ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं, की वडील त्या तारखेला हयात असायलाच हवेत असं नाही. आणि हक्कसोडपत्र एकदा नोंदलं गेलं की ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून घरबसल्या रद्द करता येत नाही, कोर्टाची पायरी चढावी लागते.

त्या अर्ध्या तासाने माझ्यात जेवढा फरक पडला, तेवढा माझ्या सगळ्या भाषणांनी मिळून कुणात पडला नसेल. परत भावाकडे गेले तेव्हा हात थरथरत नव्हते असं नाही. पण काय बोलायचं ते ठाऊक होतं. कळलेल्या गोष्टीबद्दल माणूस बोलताना आवाज आपोआप खाली-वर होत नाही, सरळ येतो. म्हणून मला हल्ली कुणी ‘आत्मविश्वासावर बोला’ म्हटलं तर मी विचारते, त्यापेक्षा सातबारा कसा वाचायचा त्यावर बोलू का? आयोजकांना ते जरा रुक्ष वाटतं.

आपल्या मागच्या बायकांकडे बघितलं तरी हेच दिसतं. रमाबाई रानड्यांचं १८७३ मध्ये अकराव्या वर्षी न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झालं तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. नवरा रात्री शिकवायचा आणि दिवसा घरातल्या बायका त्यावरून टोचून बोलायच्या. हे सगळं त्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात लिहून ठेवलंय, १९१० सालच्या. पुण्याच्या सेवासदनाचा कारभार बघणाऱ्या रमाबाई आपल्याला फोटोत दिसतात, पण त्या घडल्या त्या टोमण्यांखाली, धडा गिरवता गिरवता. शिवाय त्यांच्यामागे एक माणूस उभा होता, हे विसरून चालणार नाही. बुलडाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं. आजही वाचताना दचकायला होईल अशा भाषेत. त्या काळात, आपल्यासारख्याच आडगावात बसून! त्यांच्यावर टीका झाली तेव्हा जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आपल्याला वाचायला मिळालेलं नाही, आणि ते एकुलतं एक पुस्तकही विस्मृतीत गेलं होतं. स. गं. मालशे यांनी ते १९७५ मध्ये पुन्हा छापून आणलं. एवढी निर्भीड बाई गप्प का झाली असेल? मला वाटतं, एकटीचा आत्मविश्वास फार दिवस टिकत नाही. आजूबाजूला ऐकून घेणारं कुणीतरी लागतं.

म्हणूनच मला साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या म्हसवडची गोष्ट फार आवडते. दुष्काळी भाग. तिथल्या बायकांनी चेतना सिन्हा यांच्याबरोबर स्वतःची सहकारी बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला, पण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून तो नामंजूर झाला. चेतनाताईंनी हे अनेकदा जाहीरपणे सांगितलंय. त्या बायका रडल्या नाहीत. लिहा-वाचायला शिकायला लागल्या आणि परत जाऊन अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नसलं तरी हिशेब येतो, व्याज तोंडी विचारा आणि तुमच्या माणसांनाही विचारा, बघू कोण आधी सांगतं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. मला यातलं ‘परत जाऊन’ हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आणि त्या एकट्यादुकट्या गेल्या नाहीत, मिळून गेल्या.

आपल्या गावांत आता बायका दिसतात सगळीकडे, हे खरं आहे. २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असंही कायद्यात आहे. पण किती गावांत ती खरंच होते आणि किती ठिकाणी घरोघर रजिस्टर फिरवून सह्या घेतात? सरपंचबाई खुर्चीत बसतात आणि त्यांचे ‘हे’ शेजारच्या खुर्चीतून बोलतात. मी एका सरपंचवहिनींना विचारलं होतं, तुम्ही का बोलत नाही? म्हणाल्या, “बोलले की हे म्हणतात, तुला काय कळतंय.” त्यांनी दहा वर्षं किराणा दुकान चालवलं होतं, उधारीसकट! दुकानाचा जमाखर्च कळतो तिला पंचायतीचा कळणार नाही?

२०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजना आली तेव्हा बँकांपुढे रांगा लागल्या. त्या योजनेवर पुष्कळ बोललं गेलं, बाजूने आणि विरोधात. मी त्या वादात पडत नाही. मला रांगेत दुसरंच दिसलं. कितीतरी बायका पहिल्यांदा स्वतःच्या खात्यासाठी स्वतः उभ्या होत्या. आणि त्यातल्याही बऱ्याच जणींना आपल्या एटीएमचा पिन माहीत नव्हता. तो मुलाला माहीत होता. खातं तिचं, आधार तिचं, अंगठा तिचा आणि आकडा त्याच्या डोक्यात. मी गटाच्या बैठकीत आता सगळ्यात आधी हेच विचारते, पिन कुणाला पाठ आहे? हात वर करताना बायका एकमेकींकडे बघून हसतात. हसू द्या. पुढच्या महिन्यात दोन हात जास्त वर होतात.

माझ्या माहेरचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. चार-पाच महिने बोलणी चालली, कधी फोनवर, कधी मामांच्या मध्यस्थीने. शेवटी नवीन दस्त झाला. त्यात आईचं नाव नव्हतं, म्हणजे तिने काही सोडलं नाही. तिचं नाव घरावर आणि जमिनीवर कायम राहिलं. माझा हिस्सा मात्र मी भावाला सोडला. प्रत्येक पान वाचून, विचारून, दोन ठिकाणी दुरुस्ती करायला लावून सही केली.

यावरून गटातल्या एक-दोघी मला चांगलंच सुनावतात. “कायदा आम्हाला सांगता आणि स्वतः सोडून मोकळ्या झाल्या!” त्यांचं चूक आहे असं मी म्हणू शकत नाही. मी तेव्हा माहेर राखलं की हक्क घालवला, हे मला आजही नीट ठरवता येत नाही. कधी वाटतं ठीक केलं, कधी लेकीकडे बघून वाटतं की हिला काय सांगणार? एवढंच खरं, की ती सही माझी होती. पहिल्या सोमवारची झाली असती तर ती पेन्सिलच्या फुलीची झाली असती.

भाऊ दोन वर्षं भाऊबीजेला आला नाही. ते दोन्ही दिवाळीचे दिवस मी कसे काढले ते मला माहीत. तिसऱ्या वर्षी आला. बायको-मुलांना घेऊन, काही न बोलता, जेवायला बसला. वाढताना मी त्याला विचारलं, आई कशी आहे. म्हणाला, “बरी आहे. मी कुठला कागद पुढे केला की आता म्हणते, आधी वाचून दाखव.” आणि हसला. मग मीही हसले.

मंडईतल्या मावशी मला त्या बँकेच्या रांगेतच भेटल्या, २०२४ मध्ये. मेळाव्याला दहा वर्षं झाली होती. केस पिकले होते त्यांचे. त्यांचा नंबर आला. काउंटरवरच्या मुलाने मान वर न करता भराभर काहीतरी सांगितलं आणि फॉर्म परत सरकवला. मागची रांग पुढे ढकलत होती. मावशी हलल्या नाहीत. म्हणाल्या, “सायेब, मला कळलं न्हाई. परत सांगा.” त्याने सुस्कारा टाकला, घड्याळ बघितलं आणि परत सांगितलं, या वेळी फॉर्मवर बोट ठेवून.

बाहेर आल्यावर त्या पायरीवर बसल्या आणि पदराने तोंड पुसलं. “घाम फुटला बघा, ताई,” म्हणाल्या. मी पाण्याची बाटली दिली. दोन घोट प्यायल्या आणि फॉर्म पुन्हा एकदा उलटसुलट करून बघितला.

“पन सांगितलं की न्हाई त्यानं?” असं म्हणून उठल्या. मंडईत गिऱ्हाईक खोळंबलं होतं.